मुलगा 'बास'च्या नादी लागलाय. आता बास म्हणावं का?

तळ्याकाठी | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही टेनेसीत, चॅटनूगाच्या जवळ राहतो. माझा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. मुलगा तेरा वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात शेजारचे आजोबा त्याला चिकमाउगा तलावावर गळ टाकायला घेऊन गेले, आणि तेव्हापासून घरात लार्जमाउथ बास या एका माशाशिवाय विषय नाही. (खायचा नाही, पकडून परत पाण्यात सोडायचा.) दिवसभर 'बास, बास' चालू असतं. माझी आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "एवढं काय बास झालं रे त्याला?"

इथवर ठीक होतं. मुलगा उन्हात जातो, पहाटे पाचला स्वतः उठतो, मी कशाला नाही म्हणू? पण आता त्याने सहा-सात व्यावसायिक अँगलर (गळाने मासे पकडणारे) 'धरले' आहेत. यूट्यूब, इन्स्टाग्राम, सगळीकडे. (खातं माझ्या फोनवर आहे.) महिन्यापूर्वी एकाच्या व्हिडिओखाली त्याने विचारलं, की पाणी गढूळ असेल तर लूर (गळाला लावायचं खोटं आमिष) कुठल्या रंगाचा घ्यायचा? तिसऱ्या दिवशी त्या माणसाने उत्तर दिलं. दोन ओळी: काळा-निळा घे, आणि तुला वाटतंय त्याच्या निम्म्या वेगाने ओढ. खाली मुलाचं नाव. मुलाने त्याची प्रिंट काढून पलंगाच्या वर चिकटवली आहे. आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा घरात इतक्या चांगल्या जागी नाही.

पुढच्या आठवड्यात वाढदिवसाची यादी आली. रॉड, पक्कड, काळा-निळा जिग (लूरचाच एक प्रकार), आणि प्रत्येकासमोर त्याच प्रोचा डिस्काउंट कोड.

तर प्रश्न असे: हे लोक खरंच स्वतः उत्तरं देतात का? की कुठल्यातरी ऑफिसात बसलेली पोरं देतात? आणि यात मुलांबद्दलची आस्था किती आणि दुकानदारी किती?

बांगडेप्रेमी | शुक्रवार, रात्री १०:३१

मला एक कळलं नाही. पकडलेला मासा हे लोक परत पाण्यात सोडतात?? मग घरी येऊन सांगायचं काय?

तळ्याकाठी | शुक्रवार, रात्री १०:३५

फोटो दाखवायचा. माझ्या मूळ दुखण्यावर बोट ठेवलंत.

गरीवाला | शनिवार, सकाळी ७:०५

तळ्याकाठी, पहिलाच धागा आणि माझ्या मर्मावर. मी टेक्सासात असतो, बारा वर्षं क्लबच्या स्पर्धा खेळतोय. आजवरची कमाई बोटीच्या एका हप्त्याएवढी आहे, तेव्हा जे लिहितोय ते प्रेक्षकाच्या भूमिकेतून समजा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माझ्या पाहण्यात तरी बरेच जण स्वतः लिहितात. मोठ्या नावांकडे व्हिडिओ कापायला माणूस असतो, पण प्रतिसादांत शुद्धलेखनाचे जे हाल झालेले दिसतात ते पगारी माणूस करणार नाही. एका सरोवरावरून दुसऱ्यावर जाताना हे लोक बोट मागे लावून तासन्‌तास गाडी चालवतात आणि रात्री मोटेलात एकटे पडलेले असतात. तेवढ्यात तुमच्या मुलाचा प्रश्न समोर येतो.

पण 'का देतात' हे समजायला या खेळाची एक अडचण लक्षात घ्या. याला स्टेडियम नाही. बोटी उजाडता उजाडता सुटतात, वीस-एकवीस फुटांची बोट, अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन, पाच मिनिटांत सगळे नजरेआड. मग दिवसभर काठावरच्या माणसाला काहीच दिसत नाही. दिसतं ते थेट दुपारी, वजनाच्या वेळी. स्टेजवर पिशवी आणतात, जास्तीत जास्त पाच मासे, तराजूवर आकडा येतो, टाळ्या, पुढचा गडी. खेळ सगळा पाण्यात आणि प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त निकालपत्र.

सुरुवातीला तर लपवाछपवीच होती. रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटाने १९६७ साली आर्कान्सात बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, मग बास (B.A.S.S.) ही अँगलरांची संघटना काढली. क्लासिक ही तिची वर्षातली सर्वात मोठी स्पर्धा. १९७१ च्या पहिल्या क्लासिकला २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि हवेत गेल्यावर सांगितलं की आपण नेवाडात लेक मीडला चाललोय. का, तर आधीपासून कुणी जाऊन मासे हेरून ठेवू नयेत. बॉबी मरेने ती जिंकली, १०,००० डॉलर. आज क्लासिकचं पहिलं बक्षीस ३,००,००० आहे, बोटीत कॅमेरा बसलेला असतो आणि गडी तुमच्या मुलाशी बोलत बोलत लूर फेकतो. तलावाचं नाव स्पर्धकाला न सांगण्यापासून इथपर्यंत खेळ आलाय, त्यामुळे या मंडळींना बोलायची सवय नव्याने लावून घ्यावी लागली. काहींना अजून जमलेली नाही, कॅमेऱ्याकडे बघतात ते पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे.

खवट | शनिवार, सकाळी ९:४८

एवढं सगळं वाचून सार काय? जाहिरात. मुलगा गळाला लागलाय आणि दोरी बापाच्या क्रेडिट कार्डाला बांधलेली आहे.

चांगला अँगलर असेल तर मासे पकडेल. रिक क्लनने २०१९ मध्ये फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीवर स्पर्धा जिंकली तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. लाइक मोजून नाही जिंकला.

गरीवाला | शनिवार, सकाळी १०:२०

खवटराव, क्लनचं नाव घेतलंत, तुमचे शंभर गुन्हे माफ. चार क्लासिक जिंकलेला माणूस आहे तो. पण त्याचे चाहते कसे तयार झाले तेही बघा. मासिकं, टीव्ही, दुकानात भरणारे कार्यक्रम. रविवारी सकाळी वडिलांशेजारी बसून रोलंड मार्टिनचा कार्यक्रम पाहिलेली अख्खी पिढी आहे इकडे. तोही दुकानदारीच करत होता, फक्त टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता. त्याचा मुलगा स्कॉट, २०११ चा फॉरेस्ट वुड कप या मोठ्या स्पर्धेचा विजेता, आज प्रत्येक स्पर्धेचा व्हिडिओ टाकतो. हरला तरी. दुसऱ्या दिवशी बाहेर फेकला गेलेला माणूस गाडीत बसून 'आज माझं काय चुकलं' सांगतोय, हे बापाच्या काळात पडद्यावर दिसलं नसतं. आणि मुलांना नेमकं तेच आवडतं, हे मी माझ्या पुतण्यांवरून सांगतो. जिंकलेल्या दिवसापेक्षा पचका झालेल्या दिवसाचे व्हिडिओ ते पुन्हा पुन्हा लावतात.

माईक आयकोनेलीचं उदाहरण घ्या. २००३, न्यू ऑर्लिन्सची क्लासिक. शेवटचा निर्णायक मासा बोटीत आला आणि हा न्यू जर्सीचा गडी बेंबीच्या देठापासून ओरडला, "नेव्हर गिव्ह अप!" जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, की हा काय तमाशा, मासेमारी म्हणजे शांतपणा. पोरं खूश. आणि यूट्यूब सुरू झालं २००५ मध्ये, म्हणजे माणूस आधी तयार होता, फळा नंतर मिळाला. आता तो आणि त्याची बायको मुलांना मासेमारीकडे आणण्यासाठी एक फाउंडेशन चालवतात.

ढोबळमानाने | शनिवार, दुपारी १२:१५

मी मार्केटिंगमध्ये आहे (मासे नाही, सॉफ्टवेअर) म्हणून दोन शब्द.

'दुकानदारी की आस्था' हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. या खेळात बक्षिसावर पोट भरत नाही. वर तीन लाखांचा आकडा आला, पण तो एकाचा. एलिट सिरीजची (बास संघटनेची सर्वात वरची स्पर्धामालिका) एक स्पर्धा जिंकली तर एक लाख, तेही एकालाच. बाकीच्यांनी प्रवेश फी, डिझेल, मोटेल भरायचं आणि स्पर्धेगणिक काही हजार मिळाले तर नशीब. त्यामुळे खरा पगार प्रायोजक देतात. त्यांची जर्सी पाहिली आहे का? छोट्या जाहिरातींचं पान इस्त्री करून अंगात घातल्यासारखी असते.

पूर्वी प्रायोजक विचारायचा, टीव्हीवर किती मिनिटं दिसलास. आता विचारतो, तुझ्यामुळे किती जणांनी घेतलं. डिस्काउंट कोड त्यासाठी. तुमच्या मुलाला दहा टक्के सूट मिळते ते निमित्त. मुख्य काम म्हणजे तो माल कुणाच्या सांगण्यावरून विकला गेला हे मोजणं. पैसे किंवा फुकट सामान घेऊन शिफारस करत असशील तर ते उघड सांग, असा अमेरिकेत एफटीसी या सरकारी व्यापार आयोगाचा नियम आहे. तो पाळणारे व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगतात. मुलाला हे शोधायला लावा. 'हा सांगतो, हा सांगत नाही' अशी यादी करू दे. आमच्याकडे मेकअपच्या व्हिडिओंवर हा खेळ भाचीने खेळला आणि तीन नावं तिने स्वतःच काढून टाकली.

सरिता_प | शनिवार, दुपारी २:०३

वाचते आहे. एक सावधगिरीची गोष्ट, ती आधी.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला अशाच एका प्रोच्या 'खात्यावरून' मेसेज आला. अभिनंदन, तू रॉड आणि रीळ जिंकलास, फक्त पाठवणीचे पंधरा डॉलर भर. फोटो तोच, जर्सी तीच, नावात शेवटी एक जास्तीची खालची रेघ. मुलाने आईच्या कार्डाचा नंबर दिला. पंधरा डॉलरवर थांबतंय होय ते! कार्ड बंद करेपर्यंत चारशे गेले. मुलगा पैशांसाठी रडला नाही. "त्याने मला निवडलं होतं" म्हणून रडला. ते जास्त लागलं सगळ्यांना.

तेव्हा नियम: बक्षीस मिळाल्याचा मेसेज आला की आधी आईबाबा. खरा माणूस मुलाकडे पैसे मागत नाही. आणि तेराच्या खालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करता येत नाही असा इकडे कायदा आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी वयाची अट तेरा असते. तुमचा मुलगा नेमका उंबरठ्यावर आहे. खातं तुमच्या फोनवर आहे ते बरं आहे, अजून वर्षभर राहू दे.

तळ्याकाठी | शनिवार, दुपारी २:४०

सरिताताई, हे वाचून लगेच जाऊन पाहिलं. दोन खोटी खाती त्याच्याही यादीत सापडली. मुलगा म्हणाला, "बाबा, मला माहितीये ती खोटी आहेत, मी बघत होतो काय करतात." यावर काय बोलायचं मला कळलं नाही.

मुक्ता८४ | शनिवार, रात्री ९:२६

आम्ही इलिनॉयात. माझी मुलगी शाळेच्या बास फिशिंग टीममध्ये आहे. हो, शाळेची टीम असते. २००९ मध्ये इलिनॉयने हायस्कूल स्तरावर हा खेळ अधिकृत केला, असं करणारं पहिलं राज्य. बोटीत दोन मुलं आणि एक मोठा माणूस, त्याला कॅप्टन म्हणतात. कॅप्टनने बोट चालवायची, गळ टाकायचा नाही. माझा नवरा कॅप्टन आहे. आठ तास बोटीत बसून मासा न पकडता गप्प राहायचं, ही त्याच्या आयुष्यातली सर्वात अवघड नोकरी आहे असं तो म्हणतो.

तळ्याकाठींना वाटतंय की मुलगा प्रोच्या व्हिडिओत अडकतोय. मला त्याच्या पुढच्या पायरीची काळजी वाटते, कारण आमच्या घरी ती आली आहे. 'प्रो-स्टाफ' हा शब्द ऐकलात का?

मुलगी पंधरा वर्षांची असताना एका लूर बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा मेसेज आला, की तुझे फोटो छान आहेत, आमच्या प्रो-स्टाफमध्ये ये. (खोटं खातं नव्हतं, कंपनी खरी. नाव घेत नाही.) घरात आनंदीआनंद. मी अटी वाचल्या. हिने आठवड्याला तीन पोस्ट टाकायच्या, त्यात कंपनीचं नाव, त्यांचा लोगो जर्सीवर, आणि जर्सी स्वतःच्या पैशाने शिवून घ्यायची. बदल्यात काय? त्यांच्याच मालावर तीस टक्के सूट! म्हणजे नोकरीही हिची आणि गिऱ्हाईकही हीच.

नाही म्हणून सांगितलं तर तोंड वाकडं. "सगळ्यांच्या जर्सीवर लोगो आहेत, माझीच कोरी." आणि खरंच, शाळकरी स्पर्धेच्या काठावर उभं राहिलं की चौदा-पंधरा वर्षांची मुलं दिसतात अंगभर लोगो लावलेली, त्यातले निम्मे अशाच सवलतीच्या सौद्याचे असावेत. प्रो दिसतात तसं दिसायचं, ही त्यातली ओढ. प्रोला ते लोगो लावायचे पैसे मिळतात, यांना लावायला पैसे पडतात, हा फरक कापडावर दिसत नाही.

उन्हाळ्यात ती पहिल्यांदा साडेचार पौंडांच्या माशासोबत उभी होती आणि नवऱ्याने फोटो काढला. त्यानंतर वीस मिनिटं ती बोटीत बसून फोटोखाली काय लिहायचं ते ठरवत होती. मासे समोर उड्या मारत होते. नवरा कॅप्टन, बिचाऱ्याला गळही टाकता येईना.

ढोबळमानाने | शनिवार, रात्री १०:०२

"नोकरीही हिची आणि गिऱ्हाईकही हीच." आमच्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. उद्या ऑफिसात भिंतीवर लावतो आणि राजीनामा देतो.

गरीवाला | रविवार, सकाळी ६:३०

मुक्ताताई, अगदी खरं आहे हे. पण मुलगी टीममध्ये आहे तर दुसरी बाजूही तिला माहीत असेल. तुमच्याच राज्यातला, कार्बनडेलचा ट्रे मॅकिनी. २०२४ मध्ये एलिट सिरीजच्या पहिल्याच वर्षी, १९ व्या वर्षी, आमच्या टेक्सासच्या लेक फोर्कवर चार दिवसांत १३० पौंडांच्या वर वजन करून जिंकला. पोरांच्या दृष्टीने तो हिरो नाही, वरच्या वर्गातला दादा आहे. अशा मुलाला प्रश्न विचारणं आणि पन्नाशीच्या दिग्गजाला विचारणं यात फरक पडतो. चाहता आणि खेळाडू यांच्यात सहा वर्षांचं अंतर, आणि दोघंही एकाच तलावावर, एकाच दुकानातला लूर लावून उभे. दुसऱ्या कुठल्या खेळात तेरा वर्षांचं पोर शनिवारी त्याच मैदानावर जाऊन तेच करून बघतं?

आता या व्हिडिओंनी मुलं काय शिकतात ते सांगतो, कारण खवटरावांना फक्त कोड दिसतोय.

माझ्या पुतण्याला हुक बांधायची पालोमार गाठ मी तीन वेळा शिकवली, तिन्ही वेळा सुटली. मग त्याने एका प्रोचा व्हिडिओ पाहिला. पडद्यावर चेहराच नाही, फक्त दोन बोटं आणि हुक. दोरी दुहेरी करून हुकच्या डोळ्यातून घातली, साधी सैल गाठ मारली, मग तो फास हुकच्या खालून पूर्ण ओलांडून नेला. आणि ओढायच्या आधी दोरी तोंडात धरून ओली केली. मी हेच सांगायचो नाही. का ओली करायची तेही त्याने सांगितलं: कोरडी दोरी गाठीत घासली की गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. बारा वर्षं मी सवयीने थुंकी लावत होतो, त्यामागचं कारण त्या दिवशी कळलं.

तसंच मासा धरणं. बासला खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलतात. लहान मासा असा सरळ टांगला तर चालतो. पण चार-पाच पौंडांचा मासा जबड्याला धरून आडवा केला की सगळं वजन त्या सांध्यावर येतं. म्हणून दुसरा हात पोटाखाली हवा, आणि तो आधी ओला केलेला, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतात. माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना हे कुणी सांगितलं नाही. हल्ली चुकीचा धरलेला फोटो टाकला की खाली दहा पोरं येऊन झापतात. रे स्कॉटने १९७२ मध्ये स्पर्धेतले मासे जिवंत सोडायची टूम काढली तेव्हा लोक हसले होते म्हणे, बांगडेप्रेमींसारखेच. आज लहान मुलं मोठ्यांना त्यावरून दटावतात.

बांगडेप्रेमी | रविवार, सकाळी ८:१०

मी अजूनही हसतोय. पण पोटाखाली ओला हात, हे लक्षात ठेवीन.

खवट | रविवार, सकाळी ९:१५

मी मासेमारीचा एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आहे आणि तो तुम्हीही पाहिला असणार. २०२२, क्लीव्हलंड, लेक इरी. विजेत्यांचा मासा कापला तर पोटातून शिशाचे गोळे निघाले. मुलांना हेही दाखवता का?

गरीवाला | रविवार, सकाळी ९:५०

ती वॉलाय माशाची स्पर्धा होती, बासची नाही, पण टाळत नाही. शिसं तर होतंच, दुसऱ्या माशांचे तुकडेही कोंबलेले होते. दोघांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला, दहा दिवस तुरुंगात गेले, बोट गेली. आणि हे बाहेर कसं पसरलं? काठावर फोन घेऊन उभ्या असलेल्या लोकांमुळे. मुलांनी अर्थातच पाहिलं. पुतण्याचा पहिला प्रश्न होता, "काका, तुमच्या क्लबात असं कुणी करतं का?" मोठ्या स्पर्धांत विजेत्याला खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसवायची पद्धत जुनी आहे, हे मी त्याला तेव्हा सांगितलं. त्याला ते भयंकर आवडलं. आता कॅरममध्येही तो तीच मागणी करतो.

सरिता_प | रविवार, दुपारी ४:२२

एक बाळबोध प्रश्न. स्पर्धा चालू असताना प्रो पोस्ट टाकतात, खाली शेकडो लोक लिहितात. कुणी लिहिलं की 'अमुक खाडीत मासे आहेत' तर?

गरीवाला | रविवार, सायंकाळी ५:४०

बाळबोध अजिबात नाही, यावरून लोक बाद होऊ शकतात. एलिट सिरीजमध्ये तलाव ठरला की स्थानिक लोकांकडून माशांच्या ठिकाणांची माहिती घ्यायची नाही, असा नियम आहे. म्हणजे तुमचा मुलगा भाबडेपणाने 'चिकमाउगात पुलाच्या डाव्या खांबाशी मोठे आहेत' असं लिहायला गेला तर तो ज्याच्यावर जीव टाकतो त्यालाच अडचणीत आणेल. चिकमाउगा तर असा तलाव आहे की तिथे २०१५ मध्ये १५ पौंडांच्या वरचा बास सापडलाय, राज्याचा विक्रम. मोह होणारच.

उलट दिशेनेही तेच. प्रोने फोटो टाकला आणि मागे पाण्याची टाकी किंवा ओळखीचा धक्का दिसला, की पुढच्या शनिवारी तिथे वीस बोटी. याला इकडे 'स्पॉट जाळणं' म्हणतात. म्हणून व्हिडिओंत मागची झाडं धूसर केलेली असतात. पोरं मात्र डांबरट. धूसर झाडांच्या टोकांवरून नकाशा जुळवणारे महाभाग मी पाहिलेत.

पडद्यावरचा नवा वाद म्हणजे पुढचं लाइव्ह दाखवणारा सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातला मासा दाखवणारं यंत्र. मासा पडद्यावर बघून त्याच्या नाकासमोर लूर टाकायचा. तरुण पोरं यात पटाईत, जुने वैतागलेले, आणि दोन्ही बाजू इन्स्टावर एकमेकांची उणीदुणी काढतात. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेने २०२५ च्या मोसमात आपल्या बास प्रो टूर या स्पर्धामालिकेत दिवसाच्या तीनपैकी एकाच सत्रात तो वापरायची मुभा ठेवली. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, इथे नको.

खवटराव, शेवटचं. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने इकडे मासेमारीच्या सामानावर उत्पादन कर लागतो आणि तो पैसा राज्यांना मासे आणि तलाव राखायला मिळतो. कुठल्या राज्याला किती, हे बरंचसं त्या राज्यात लायसन्स घेतलेले अँगलर किती यावर ठरतं. म्हणजे पोरं या खेळात आली नाहीत तर तलावाचा पैसा आटतो. टेनेसीत तेराव्या वर्षापासून लायसन्स लागतं, तळ्याकाठी, तुम्ही काढलंय ना?

तळ्याकाठी | रविवार, सायंकाळी ६:०५

नाही!! आत्ता काढतो.

खवट | रविवार, सायंकाळी ६:३०

कराचा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य. कोड मात्र वापरू नका, रॉड पूर्ण किमतीला घ्या.

मुक्ता८४ | रविवार, रात्री ८:४४

खवट, तुमच्याकडून 'मान्य' आलेलं पहिल्यांदाच पाहतेय, स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

तळ्याकाठी, एक सुचवू? मुलाला फक्त बघू देण्यापेक्षा एकदा वजनाच्या वेळी घेऊन जा. क्लासिक तुमच्याच राज्यात नॉक्सव्हिलला होऊन गेली आहे, २०२३ च्या वेळी दीड लाखाच्या वर लोक आले होते. पण एवढ्या गर्दीची गरज नाही, जवळपासची साधी स्पर्धा बघा. आम्ही गेलो तेव्हा मुलीचा आवडता प्रो त्या दिवशी शून्यावर आला होता. एकही मासा नाही. तरी स्टेज चुकवला नाही. रिकाम्या हाताने आला, माइकवर दोन वाक्यं बोलला, आणि मग कुंपणापाशी पाऊण तास मुलांच्या टोप्यांवर सह्या करत उभा राहिला. तिथे फोन काढला होता तो मुलांच्या पालकांनी, त्याने नाही. मुलगी गाडीत बराच वेळ गप्प होती. जर्सीचा विषय त्यानंतर तिने काढलेला नाही, पण वय वाढलं म्हणूनही असेल.

तळ्याकाठी | पुढचा शनिवार, रात्री ९:१८

सर्वांचे आभार. अपडेट देतोय.

लायसन्स काढलं. रॉड घेतला (खवट, कोड वापरला, बायकोने वापरायला लावला). काळा-निळा जिगही घेतला. पहाटे साडेपाचला त्याला घेऊन गेलो, गाडी मी चालवली, थर्मास मी धरला, डास मला चावले. पाणी गढूळ होतं. तो निम्म्या वेगाने ओढत होता, मध्येच स्वतःशी पुटपुटायचा, "अजून हळू." साडेसातच्या सुमारास दोरी एकदम बाजूला सरकली, आणि मग जे काही झालं त्यात माझा थर्मास पाण्यात गेला. सव्वातीन पौंड. हात ओला केला, पोटाखाली धरला, मी फोटो काढतोय तर "बाबा, लवकर, त्याला श्वास घ्यायचाय." दोन फोटो, एक व्हिडिओ, मासा पाण्यात.

घरी येऊन त्याने तासभर तो व्हिडिओ नीट केला, त्या प्रोला पाठवायचाय म्हणून. एक्केचाळीस सेकंद. मागची झाडं, धक्का, लांबचा पूल, सगळं धूसर. मी म्हटलं, छान झालाय, पण ती जागा नक्की कुठली रे, आजीला सांगायचीय. तर म्हणतो, "सॉरी बाबा, सांगता येणार नाही."

गाडी मीच चालवली होती.